सुट्टीनंतर सुरू न होणारा संगणक: नागपुरातल्या एका व्हीसी रूमचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "व्हीसी रूमचा कॉम्प्युटर चालू होत नाही." तक्रार करणारी नागपुरातली एक शिक्षण संस्था. तिची महाविद्यालयं गोंदियापासून यवतमाळपर्यंत पसरलेली आहेत आणि दर सोमवारी सकाळी साडेदहाला सगळ्या प्राचार्यांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, असते. म्हणजे संगणक नेमका ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी तो मेलेला सापडायचा. आधीच्या सेवा देणाऱ्याने तोवर अडॅप्टर बदलला होता, मदरबोर्डवरची बटन बॅटरी बदलली होती आणि शेवटी मदरबोर्डच बदलला होता. प्रत्येक वेळी संगणक दुकानात नेला की सुरू व्हायचा. परत आणून बसवला की काही दिवस नीट चालायचा आणि पुन्हा तेच.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण व्हीसी रूमच्या संगणकाकडे आपण घरातल्या किंवा ऑफिसातल्या संगणकासारखंच पाहतो. बिघडला की काढा, टेबलावर घ्या, तपासा, परत लावा. टेबलावर त्याला एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि एक माउस जोडलेला असतो. खोलीत मात्र त्याला कॅमेरा, माइक, स्पीकर, टच पॅनल, लॅपटॉप जोडायची डबी आणि मोठा डिस्प्ले असं सगळं चिकटलेलं असतं, आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंना स्वतःची वेगळी वीज असते. टेबलावर सुरू झालेला संगणक खोलीबद्दल काहीच सांगत नाही. या संस्थेचा पैसा आणि वेळ गेला तो याच एका समजुतीपायी.

सुरुवातीला फोनवरच काही प्रश्न विचारले. "चालू होत नाही" या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. एक, बटण दाबलं तरी काहीच होत नाही. दोन, संगणक चालू आहे पण पडद्यावर चित्र नाही. तीन, विंडोज येतं पण बैठकीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. व्हीसी रूममध्ये संगणक डिस्प्लेच्या पाठीमागे बसवलेला असतो, त्यामुळे बैठकीला आलेल्यांना फक्त काळा पडदा दिसतो आणि तिन्ही तक्रारी त्यांना सारख्याच वाटतात. डिस्प्लेचं इनपुट एचडीएमआय एकवरून दोनवर गेलं म्हणून "कॉम्प्युटर मेला" असा फोन आल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात ढिगाने आहेत. इथे मात्र प्रशासनाच्या मॅडमनी डिस्प्लेच्या बाजूने हात घालून बटण दाबून पाहिलं होतं, पंख्याला कान लावला होता. आवाज नाही, दिवा नाही. तक्रार पहिल्याच प्रकारची होती.

आता खोलीची मांडणी. पुढच्या भिंतीवर मोठा डिस्प्ले, त्याच्या मागे ब्रॅकेटवर मिनी पीसी, म्हणजे छोट्या डबीएवढा संगणक. त्याचा १९.५ व्होल्टचा अडॅप्टर डिस्प्लेमागच्याच सॉकेटला. कॅमेरा डिस्प्लेच्या खाली, त्याची यूएसबी केबल छोटी आणि सरळ संगणकात. खोलीच्या मध्यभागी लांबलचक टेबल. त्यावर माइक-स्पीकर आणि टच पॅनल. टेबलापासून डिस्प्लेपर्यंतचं अंतर फरशीखालच्या पाइपातून मोजलं तर दहा मीटरच्या आसपास. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर आहे, म्हणून तिथे मधे सर्किट असलेली लांब केबल टाकली होती आणि टेबलाखाली एका केबलवर अनेक उपकरणं जोडणारा यूएसबी हब बसवला होता. त्या हबला स्वतःचा ५ व्होल्टचा अडॅप्टर होता, आणि तो टेबलाखालच्या फ्लोअर बॉक्सच्या, म्हणजे फरशीत बसवलेल्या पेटीच्या, सॉकेटला लावला होता. ही मांडणी अगदी नेहमीची आहे, शेकडो खोल्यांत असते, आणि ती कागदावर पाहिली तर कुणालाच त्यात खोट दिसणार नाही.

उन्हाचा संशय

पहिला बिघाड मे महिन्यात झाला होता. नागपूरचा मे, पारा ४५ अंशांच्या पुढे, त्यामुळे आधीच्या तंत्रज्ञाने दोष उन्हाला दिला. हा संशय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बऱ्याच मिनी पीसींच्या माहितीपत्रकात चालण्याचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. एसी बंद असलेल्या खोलीत, डिस्प्ले आणि भिंत यांच्या चिंचोळ्या फटीत, नागपूरच्या उन्हाळ्यात ते सहज ओलांडलं जातं. अडॅप्टरमधल्या आणि मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. उन्हाने अडॅप्टर जाणं इथे नेहमीचंच.

पण वेळा जुळत नव्हत्या. उष्णतेचा बिघाड दुपारी, चार तास बैठक चालल्यावर, सगळं तापल्यावर दिसायला हवा. हा संगणक मरायचा सकाळी, खोली सगळ्यात थंड असताना, रात्रभर बंद राहिल्यानंतर. शिवाय जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तो एकदाही अडला नाही, आणि मग ऐन पावसात, जुलैच्या अखेरीस, पुन्हा अडायला लागला. जूनमध्ये न अडण्याचं श्रेय अर्थातच नव्या मदरबोर्डला दिलं गेलं होतं.

त्यानंतर एक बिघाड असा झाला की संस्थेतल्या लोकांचीही "सोमवारी बंद पडतो" ही समजूत मोडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि संस्थेला सुट्टी असते. त्या सुट्टीनंतर, आठवड्याच्या मध्येच, संगणक मेलेला सापडला. वार कुठलाही असो, आदल्या दिवशी सुट्टी होती एवढीच गोष्ट समान होती.

इथे चौकीदाराच्या चाव्यांच्या रजिस्टरने फार मोठी मदत केली. कोणती खोली कधी उघडली, कधी बंद केली, याची नोंद त्यात असते. बिघाडाच्या तारखा प्रशासनाच्या ईमेलमधून काढल्या आणि रजिस्टरशेजारी ठेवल्या. प्रत्येक बिघाडाच्या आधी खोली किमान एक पूर्ण दिवस कुलूपबंद होती. जून आणि जुलैचा पहिला भाग प्रवेशाचा हंगाम. त्या काळात कार्यालय रविवारीही उघडं असायचं आणि समुपदेशनासाठी ही खोली रोज वापरात होती. नव्या मदरबोर्डने काही बरं केलेलं नव्हतं. त्या दिवसांत बिघाडाला संधीच मिळाली नव्हती.

मग प्रश्न उरला, कुलूपबंद खोलीत असं होतं तरी काय? याचं उत्तर शिपाईकाकांकडे होतं, आणि तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"उन्हाळ्यात बाजूच्या खोलीतला बोर्ड जळला होता न जी," ते म्हणाले, "तवापासून सायबांचा हुकूम आहे, सुट्टीच्या आधी सारे बोर्ड बंद करून जायचे. मी जाताना तो भिंतीवरचा बंद करून राहिलो."

"टेबलाखालचाही?"

"तो कुठून करू? खाली वाकून हात पुरत नाही, अन् तिथं बटणच नाही. तो तसाच राहते."

हुकूम योग्य होता. बोर्ड जळाल्यावर अशी काळजी घेणं शहाणपणाचंच आहे, आणि शिपाईकाका ती न चुकता घेत होते. पण त्यामुळे दर सुट्टीला खोलीची वीज अर्धी बंद आणि अर्धी चालू राहत होती. भिंतीवरच्या बोर्डाने संगणक आणि डिस्प्ले बंद व्हायचे. फ्लोअर बॉक्सचा पुरवठा वेगळ्या, इन्व्हर्टरच्या लाइनवर होता. लोकांना बैठकीत लॅपटॉप लावता यावेत म्हणून तो मुद्दाम तसा केला होता. म्हणजे हब चोवीस तास, बाराही महिने चालू.

मेलेल्या अवस्थेत तपासणी

इथून पुढे काम नेमकं झालं, पण एक अडचण होती. बिघाड दिसला की खोलीतले लोक घाबरून केबली उपसायला लागतात, आणि कुठल्या तरी उपसण्याने संगणक सुरू होतो. पुरावा तिथेच नाहीसा होतो. म्हणून मॅडमना विनंती केली की पुढच्या वेळी संगणक मेलेला सापडला तर त्याला हात लावू नका, बैठक लॅपटॉपवर घ्या, आणि मला फोन करा. हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. समोर सगळे प्राचार्य खोळंबलेले असताना "राहू द्या" म्हणायला धीर लागतो. त्यांनी तो दाखवला, आणि हे कोडं सुटण्यात त्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे असं मी मानतो.

सगळ्यात आधी वीज. डिस्प्लेमागच्या सॉकेटमध्ये इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावून "आहे" असं सांगून टाकलं होतं. टेस्टरचा दिवा फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो दिवा लागतो आणि उपकरण मात्र मेलेलंच राहतं. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मोजलं, २३० च्या जवळपास, ठीक. मग अडॅप्टरचा दिवा, तोही लागलेला. अडॅप्टरची पिन संगणकातून काढून मोजली तर १९.५ व्होल्ट. पण भार नसताना बरोबर दिसणारा व्होल्टेज हा पुरावा धरता येत नाही. आतला कपॅसिटर खचलेला अडॅप्टरही रिकामा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार आला की कोसळतो. म्हणून त्याच क्षमतेचा, त्याच जातीचा, दुसऱ्या चालू संगणकावरचा अडॅप्टर आणून लावला. काही मिनी पीसींच्या पिनमध्ये अडॅप्टर ओळखण्यासाठी मधली बारीक पिन असते, त्यामुळे व्होल्टेज जुळतो म्हणून बाजारातला कुठलाही अडॅप्टर लावून पाहणं फसवं ठरतं. दुसऱ्या अडॅप्टरनेही संगणक ढिम्म हलला नाही.

यानंतर नेटवर्कची उपकरणं ठेवलेल्या रॅककडे गेलो. ही पायरी बरेच जण गाळतात. संगणक नेहमीसारखा मेन्यूतून बंद केला तरी त्याचं नेटवर्क कार्ड स्टँडबाय विजेवर, म्हणजे बंद संगणकातही चालू राहणाऱ्या थोड्याशा विजेवर, जागं राहतं, आणि नेटवर्क स्विचवर त्या पोर्टचा दिवा लागलेला राहतो. अर्थात बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, वीज वाचवण्याचा ईआरपी किंवा डीप स्लीप पर्याय चालू नसेल तरच. इथे तो बंद होता, हे आधी संगणक चालू असताना पाहून ठेवलं होतं. बिघाडाच्या त्या सकाळी मात्र स्विचवरचा दिवा पूर्ण विझलेला होता. म्हणजे १९.५ व्होल्ट दारापर्यंत पोहोचत होते, पण मदरबोर्डवरचा स्टँडबाय भाग जागा होत नव्हता. बटण दाबून काही होणार नव्हतंच, कारण बटणाकडे लक्ष ठेवणारं नियंत्रकच काम करत नव्हतं.

अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे अडॅप्टर काढा, बटण तीसेक सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाऊ द्या, पुन्हा लावा. लोकांनी हे करून पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता. मीही तेच केलं, पण अडॅप्टर काढल्यावर खोलीचे दिवे घालवले आणि खिडक्यांचे पडदे ओढले. अंधारात डिस्प्लेमागे डोकावून पाहिलं. संगणकाच्या पुढच्या दिव्यात अतिशय मंद, जेमतेम जाणवेल असा उजेड होता.

अडॅप्टर हातात होता. संगणकाला वीज देणारी एकमेव तार काढलेली होती. तरी दिवा जळत होता.

वीज दुसऱ्या वाटेने आत येत होती, आणि ती वाट शोधणं आता सोपं होतं. एकेक केबल काढत गेलो. एचडीएमआय आधी काढली, कारण एचडीएमआयच्या १८ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट असतात आणि काही डिस्प्ले किंवा एक्स्टेंडर (केबल लांबवणारी उपकरणं) ते उलटे संगणकात ढकलतात. दिवा तसाच. कॅमेऱ्याची केबल काढली, तसाच. टेबलाकडून येणारी लांब यूएसबी केबल काढली आणि दिवा विझला. अडॅप्टर परत लावला, बटण दाबलं, संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला. दुकानात नेल्यावर तो का सुरू व्हायचा हेही त्याच क्षणी उलगडलं. खोलीतून काढून नेणं हाच त्याचा उपचार होता. सगळ्या केबली सुटल्याशिवाय तो बाहेर निघणारच नव्हता, आणि त्या सुटल्या की बरा होत होता.

त्या केबलच्या संगणकाकडच्या टोकावर मल्टिमीटर धरला. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये चार पट्ट्या असतात, पहिली ५ व्होल्टची आणि चौथी ग्राउंडची. या टोकावर, काहीही जोडलेलं नसताना, शून्य असायला हवं. साडेचार व्होल्टपेक्षा जास्त दिसले.

हबने असं करायला नको होतं

अशा चपट्या प्लगच्या यूएसबीमध्ये वीज एकाच दिशेने वाहावी असा नियम आहे, संगणकाकडून उपकरणाकडे. हबला स्वतःचा अडॅप्टर असेल तर त्याने ती वीज पुढे माइक आणि पॅनलला द्यायची, मागे संगणकाकडे अजिबात नाही. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या प्रमाणातच हे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रमाणपत्रासाठी उपकरणांची जी चाचणी होते, तीत उलट दिशेला येणारा व्होल्टेज ०.४ व्होल्टच्या वर जाऊ नये अशी अट असते. पण ही अडवणूक करायला हबमध्ये एक जास्तीचा भाग बसवावा लागतो, आणि स्वस्त हबमध्ये तोच वाचवलेला असतो. अडॅप्टरचे ५ व्होल्ट आणि संगणकाकडून येणारे ५ व्होल्ट आत सरळ एकाच तारेवर जोडलेले असतात. संगणक चालू असेपर्यंत दोन्हीकडे ५ व्होल्ट, कुणाच्या लक्षात येत नाही. संगणकाची वीज गेली की हब त्याला मागून पाजत राहतो.

साडेचार व्होल्टने संगणक सुरू होत नाही. मग तो बंद तर होत असेल ना? तेही धड नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. मदरबोर्डवर यूएसबी पोर्टला वीज देणारा जो इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, त्यातला साधा प्रकार उलट दिशेने वीज पूर्ण अडवत नाही. त्याच्यातून थोडी वीज बोर्डाच्या ५ व्होल्टच्या लाइनवर चढते, तिथून ३.३ व्होल्टच्या भागाकडे झिरपते. संगणक सुरू करण्याचा क्रम सांभाळणारं नियंत्रक याच भागावर चालतं. ते पूर्ण बंद झालं, म्हणजे त्याचा व्होल्टेज शून्याजवळ गेला, आणि मग वीज परत आली, तरच ते पहिल्यापासून सुरुवात करतं. झिरपणाऱ्या विजेने त्याला दीडदोन व्होल्टवर अर्धवट लोंबकळत ठेवलं, तर चालण्यापुरती वीज त्याला मिळत नाही आणि विसरण्याइतकी जातही नाही. अर्धवट झोपेत उठवलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळू नये, तशी त्याची गत होते. नंतर १९.५ व्होल्ट आले तरी "आता नव्याने सुरू कर" हा इशारा त्याला मिळतच नाही. नवा मदरबोर्डही त्याच मॉडेलचा, त्याच रचनेचा. तोही तसाच अडकायचा.

एवढ्यावर विश्वास ठेवून हब बदलून निघून जाता आलं असतं. पण योगायोगाने एखादी केबल हलवली आणि संगणक सुरू झाला, असं या संस्थेत आधीच पुष्कळदा झालेलं होतं. म्हणून बिघाड मुद्दाम घडवून पाहिला. सगळं पूर्ववत जोडलं, संगणक मेन्यूतून नीट बंद केला, भिंतीवरचा बोर्ड बंद केला आणि लगेच चालू केला. काही झालं नाही, संगणक व्यवस्थित उठला. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज इतक्यात उतरत नाही, त्यामुळे मदरबोर्ड त्या अर्धवट पातळीवर पोहोचतच नाही. मग भिंतीवरचा बोर्ड बंद करून दुपारच्या जेवणाला गेलो. परत आल्यावर चालू केला, संगणक मेलेला. हबचा अडॅप्टर काढून हाच प्रयोग केला, संगणक जिवंत. हब लावला, मेलेला. आता वादाला जागा राहिली नाही. प्रशासनाच्या मॅडम, संस्थेचे लेखापाल आणि शिपाईकाका तिघांनाही हे समोर करून दाखवलं. मदरबोर्डचं बिल मंजूर करणाऱ्या माणसाला कारण स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं मला गरजेचं वाटतं.

काय बदललं

लाल तार कापा, हा सल्ला अशा प्रसंगी हमखास मिळतो. यूएसबी केबलमधली ५ व्होल्टची लाल तार कापली की उलटी वीज थांबते हे खरं आहे. पण पलीकडे संगणक जोडला आहे की नाही हे हब त्याच तारेवरून ओळखतो. तार कापल्यावर काही हब दिसेनासे होतात, काही कधी दिसतात कधी नाही. आणि इथे तर मधल्या लांब केबलमधलं सर्किटही संगणकाकडून येणाऱ्या त्याच विजेवर चालत होतं. बैठकीच्या मध्ये माइक गायब होणं हे सकाळी संगणक न उठण्यापेक्षा वाईट.

हब बदलला. नवा घेताना सीताबर्डीच्या दुकानातच मल्टिमीटर नेला. हबला त्याचा अडॅप्टर लावायचा, संगणकाकडे जाणारी केबल मोकळी ठेवायची आणि तिच्या टोकावर पहिल्या आणि चौथ्या पट्टीत मोजायचं, एवढंच. दुकानदाराने आधी नवलाने पाहिलं, मग स्वतःहून मांडणीवरचे आणखी हब काढून दिले. सगळे पास झाले नाहीत, आणि किमतीवरून किंवा डब्यावरच्या छपाईवरून कोणता पास होईल ते ओळखता येत नव्हतं. जो निवडला त्यावर ०.१ व्होल्टही दिसत नव्हता. त्याची किंमत बदललेल्या मदरबोर्डच्या पासंगालाही पुरणार नाही.

विजेची वाटणीही सुधारली. सुट्टीत बोर्ड बंद करण्याचा हुकूम मागे घ्यायला लावणं मला पटलं नाही, कारण त्यामागचं कारण खरं होतं. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून हबचं सॉकेट लॅपटॉपच्या सॉकेटांपासून वेगळं करून घेतलं, आणि ते व संगणक-डिस्प्लेचा बोर्ड एकाच एमसीबीवर, म्हणजे वीज तोडणाऱ्या एकाच सुरक्षा स्विचवर, आणला. आता शिपाईकाकांना वाकायला नको, दरवाज्याजवळची एक एमसीबी खाली केली की व्हीसीची सगळी उपकरणं एकदम बंद होतात आणि एकदम चालू होतात. त्याआधी टच पॅनलवरून संगणक बंद करायचा, हे मराठीत लिहून एमसीबीच्या बाजूला चिकटवलं आहे. एरवी रात्री मात्र ही खोली बंद करायची नाही, हेही त्यात लिहिलंय. व्हीसी रूमचं सॉफ्टवेअर अपडेट आणि रीस्टार्टचं काम मध्यरात्रीनंतर स्वतःहून करून घेतं. रोज वीज तोडली तर ते काम नेमकं बैठकीच्या वेळी सुरू होतं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय "बंद राहा" वर होता, तो "चालू हो" वर केला. त्यामुळे डिस्प्लेमागे हात घालून बटण दाबायची गरज उरली नाही. हा पर्याय आधीच तसा असता तरी जुना बिघाड टळला नसता, कारण हा पर्याय वाचणारं नियंत्रकच झोपेत अडकलेलं असायचं.

दिवाळीच्या लांब सुट्टीत खोली कुलूपबंद राहिली. सुट्टीनंतर एमसीबी वर केली आणि कुणी हात न लावता संगणक उठून बैठकीच्या पडद्यावर आला. त्यानंतरच काम पूर्ण झाल्याची सही घेतली. दुकानात पडून असलेला जुना मदरबोर्ड संस्थेने परत मागवला, मी तो तपासला, त्यात काहीच दोष नव्हता. तो आता सुट्या भागांच्या कपाटात आहे.

संस्थेच्या इतर खोल्यांतही तसेच हब होते, म्हणून तिथेही मोजलं. बहुतेक ठिकाणी उलटा व्होल्टेज नगण्य निघाला. सभागृहातल्या कॅमेऱ्याच्या यूएसबी एक्स्टेंडरवर मात्र ०.७ व्होल्ट दिसतात. तिथला संगणक आजवर एकदाही अडलेला नाही, पण सभागृहाची वीजही कुणी कधी तोडत नाही. एक्स्टेंडर बदलण्याची शिफारस दिली आहे, मंजुरी अजून यायची आहे. तोवर त्याच्या अडॅप्टरची वायर संगणकाच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर आणून ठेवली आहे.